घुमारा किती, जोर किती

"एको थोडा वाढव रे!"

मांडवातलं हे वाक्य तुम्ही सगळ्यांनी ऐकलं असणार. लग्न असो, गणपती असो की सप्ताह, माईक हातात आला की आधी त्यावर टिचकी, मग "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग" आणि लगेच मशीनवर बसलेल्या मुलाकडे बघून हे फर्मान. पाठोपाठ दुसरंही येतंच, "आणि आवाज वाढव!" दोन्ही बटणं उजवीकडे फिरतात आणि कार्यक्रम सुरू होतो.

या दोन बटणांचा इतिहास लिहावा असं बरेच दिवस मनात होतं. मी जन्मभर इतिहास आणि मराठी शिकवलं, तेव्हा यंत्रातलं जे समजून घेतलं ते माझ्यासारख्यांना कळेल अशाच भाषेत सांगते. पहिलं बटण घुमाऱ्याचं. इंग्रजीत रिव्हर्ब, मांडवात सरसकट 'एको'. दुसरं बटण यंत्रातून शेवटी बाहेर पडणाऱ्या आवाजाच्या पातळीचं, म्हणजे आउटपुट लेव्हलचं. शेजारी शेजारी असतात म्हणून ती सख्खी भावंडं वाटतात. पण कामं अगदी निराळी. घुमाऱ्यावरून कानाला कळतं की बोलणारा कुठल्या जागेत आणि किती लांब आहे. पातळीवरून कळतं की तो किती जोरात ऐकू येतोय. शेकडो वर्षं पहिली गोष्ट जागेच्या ताब्यात होती आणि दुसरी गळ्याच्या. त्या दोन्ही आपल्या बोटांच्या ताब्यात कशा आल्या आणि त्यात काय हरवायला लागलं, ते आज लिहिते.

सुरुवात आपल्या पांडवलेण्यांपासून करू. त्रिरश्मी डोंगरावरची ही २४ लेणी साधारण इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून इसवी सनाच्या तिसऱ्या शतकापर्यंत कोरली गेली. शाळेची सहल तिथे नेली की मी शिलालेखातल्या गौतमी बलश्रीबद्दल सांगायला लागायचे आणि मुलं तोवर आत जाऊन "ओऽऽ" करून ओरडत असायची. रागावून उपयोग नसे. ती त्यांच्या परीने लेणं वाचतच होती! अठरा क्रमांकाचं लेणं म्हणजे चैत्यगृह. दोन्ही बाजूंना खांब, वर कमानीसारखं छत, टोकाला स्तूप. दगड आवाज पिऊन टाकत नाही, परत फेकतो. त्यामुळे तोंडातून निघालेला स्वर भिंतीभिंतींवरून फिरत हळूहळू विझतो.

इथे विज्ञानाच्या पुस्तकातली एक आठवण करून देते. भिंत आपल्यापासून निदान १७.२ मीटर लांब असेल तरच प्रतिध्वनी वेगळा ऐकू येतो, हे आपण सगळ्यांनी घोकलेलं आहे. भिंती त्याहून जवळ असल्या तर परतलेला आवाज मूळ आवाजाला चिकटतो. असे शेकडो चिकटलेले आवाज म्हणजे घुमारा. संथ, लांबवलेल्या स्वरातल्या सामुदायिक पठणाला तो फार शोभतो, कारण मागचा स्वर पुढच्या स्वराला आधार देतो. पण त्याच जागी कुणी भरभर बोलायला लागला तर अक्षरांचा काला होतो.

विजापूरचा गोलघुमट तर यासाठीच प्रसिद्ध. मुहम्मद आदिलशहाची ही कबर १६५६ च्या सुमाराची. घुमटाच्या आतल्या सज्जात भिंतीशी केलेली कुजबुज पार समोरच्या बाजूला ऐकू येते. सर सी. व्ही. रामन यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला अशा कुजबुजणाऱ्या सज्जांचा अभ्यास केला, त्यात हा घुमटही होता. गंमत अशी की कुजबुज पोचवणाऱ्या त्याच घुमटाखाली सहलीच्या गर्दीत शेजारच्या बाईंचं बोलणं समजत नाही.

जागेच्या या लहरीला पहिल्यांदा मोजमाप लावलं अमेरिकेतल्या वॉलेस सबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाने. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात एक नवं व्याख्यानगृह बांधलं गेलं आणि त्यात व्याख्यात्याचा एक शब्द समजेना. उच्चारलेला आवाज साडेपाच सेकंद घुमत राही. सबाइन रात्री, सगळं शांत झाल्यावर, दुसऱ्या सभागृहातल्या बैठकीच्या गाद्या उचलून आणायचा, ऑर्गनची नळी वाजवायचा आणि हातातल्या घड्याळावर घुमारा मोजायचा. गाद्या वाढल्या की घुमारा कमी. त्यातून त्याने नियम बांधला की खोली जितकी मोठी तितका घुमारा लांब आणि आत आवाज शोषणाऱ्या वस्तू जितक्या जास्त तितका तो आखूड. त्या हिशेबाने बांधलेलं बोस्टनचं संगीतगृह १९०० मध्ये उघडलं आणि आजही नावाजलं जातं.

आम्हा शिक्षकांना हा नियम न शिकताच माहीत असतो! जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी रिकाम्या वर्गात दोन वाक्यं बोलून बघा, भिंती उलट उत्तरं देतात. तोच वर्ग साठ मुलांनी भरला की आवाज आटोक्यात येतो. मुलं फक्त दंगाच करतात असं नाही, आवाज शोषूनही घेतात.

आता रंगभूमीकडे येऊ. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'शाकुंतल' रंगमंचावर आणलं आणि संगीत नाटकाचं वेड महाराष्ट्राला लागलं. विजयानंद थिएटर म्हटलं की आम्हा नाशिककरांना २१ डिसेंबर १९०९ ची रात्र आठवते. अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या ती रात्र. वर्गात हा धडा शिकवताना मी मुलांना विचारायचे, "त्या रात्री रंगमंचावर कोणतं नाटक होतं?" देवलांचं 'शारदा' होतं, किर्लोस्कर मंडळीचं. आणि माईक नव्हता. गच्च भरलेल्या प्रेक्षागृहात शेवटच्या बाकापर्यंत पद पोचवायचं ते गळ्याच्या बळावर आणि लाकडी छताच्या मदतीने. नट कुठे थांबायचं, कोणता शब्द किती लांबवायचा, हे त्या त्या थिएटरशी जुळवून घेत असे. गाव बदललं की घुमारा बदलला. कंपनीच्या नटाला प्रत्येक मुक्कामी आपला आवाज नव्याने लावून घ्यावा लागे.

कोल्हापूरचं शाहू महाराजांनी १९१५ मध्ये पूर्ण केलेलं पॅलेस थिएटर, म्हणजेच नंतरचं केशवराव भोसले नाट्यगृह, त्याच काळातलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत भस्मसात झालं तेव्हा अनेक जुन्या रसिकांना घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं. अशी वास्तू पुन्हा उभी करायची तर भिंती आणि खुर्च्या मोजून भागत नाही. तिथे स्वर किती वेळ रेंगाळायचा तेही परत यावं लागतं.

गळा आणि जागा यांची ही जोडी पहिल्यांदा फुटली ती ग्रामोफोनमुळे. १९०२ मध्ये कलकत्त्यात आपल्याकडच्या पहिल्या व्यापारी ध्वनिमुद्रिका निघाल्या. तेव्हा माईक नव्हताच. गायकाने एका मोठ्या कर्ण्यात तोंड जवळजवळ खुपसून गायचं, त्या आवाजाच्या धक्क्याने सुई हलायची आणि मेणावर रेघ उमटायची. कर्ण्याला खोलीतला घुमारा पकडण्याइतके कान नव्हते. म्हणून त्या तबकड्या कोरड्या वाटतात, बाई जणू आपल्या कानाशी येऊन गातेय अशा. आणि पातळीचं बटण? ते म्हणजे गायकाचं शरीर! तार सप्तकात जाताना मागे सरकायचं, खाली येताना पुढे व्हायचं. १९२५ पासून माईक लावून विजेवरचं ध्वनिमुद्रण सुरू झालं आणि जोर वाढवण्याचं काम गळ्याकडून तारेकडे गेलं.

तीच वीज मैदानातही आली आणि इथे पुन्हा नाशिक येतं. गांधीजी, पंडित नेहरू यांच्या सभांची जुनी छायाचित्रं निरखून बघा. माईकवर 'शिकागो रेडिओ' अशी पाटी दिसते. नाव अमेरिकेतलं, पण धंदा आपल्याकडचाच, मोटवाने घराण्याचा. ज्ञानचंद मोटवाने यांनी १९०९ मध्ये सिंधमध्ये सुरू केलेला हा व्यवसाय पुढे मुंबईला आला. त्यांचे चिरंजीव नानिक मोटवाने काँग्रेसच्या अधिवेशनांना आणि सभांना कर्णे पुरवायचे. १९४२ च्या गुप्त काँग्रेस रेडिओच्या खटल्यात उषा मेहतांबरोबर तेही आरोपी होते, पुढे निर्दोष सुटले. नाशिक रोडचा मोटवाने कंपनीचा कारखाना आपल्याला माहीत आहे तो वीज मोजायच्या उपकरणांसाठी, पण त्या नावामागे हा मोठा इतिहास आहे.

मैदानात छत नाही, भिंती नाहीत, म्हणजे घुमाराही नाही. मग अडचण कसली? अडचण कर्ण्यांचीच. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. १७० मीटर लांबच्या कर्ण्यातून आलेला शब्द जवळच्या कर्ण्यातल्या शब्दानंतर अर्ध्या सेकंदाने पोचतो. "बंधूऽऽ... बंधूऽऽ... भगिनींनो... भगिनींनो" असं जे आपण लहानपणी ऐकलं ते यामुळे. म्हणून मैदान जाणणारा वक्ता छोटी वाक्यं बोलून थांबायचा. लांबचा कर्णा बोलून होऊ द्यायचा आणि मग पुढचं. आवाज यंत्राने वाढवला तरी ऐकणाऱ्यासाठी थांबायचं काम माणसालाच करावं लागे.

आता माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत सुंदर गोष्ट. १९४९ साली बॉम्बे टॉकीजचा 'महल' आला. संगीत खेमचंद प्रकाश यांचं, आणि वयाची विशी गाठणाऱ्या लताबाईंचं ते गाणं, ज्याने त्या घराघरांत पोचल्या. पडद्यावर गूढ वाडा आहे, आवाज लांबून येतो आणि हळूहळू जवळ येतो. हे ध्वनिमुद्रणात कसं आणायचं? लताबाईंनी स्वतः सांगून ठेवलं आहे. मोठ्या खोलीच्या मध्यावर माईक ठेवला. त्या खोलीच्या कोपऱ्यात उभ्या राहिल्या आणि सुरुवातीच्या ओळी म्हणत म्हणत पावलापावलाने माईककडे चालत आल्या. मुखडा सुरू व्हायच्या क्षणी माईकपाशी पोचायचं, आधी नाही आणि नंतरही नाही. पुन्हा पुन्हा करून ते साधलं.

आता प्रश्न असा की चालायची गरज काय होती? पातळीचं बटण हळूहळू वाढवलं असतं तर? नसतं जमलं. बटण कमी केलं की आवाज बारीक होतो, लांब जात नाही. रेडिओ हळू केला म्हणून निवेदक शेजारच्या गल्लीत जातो का? माणूस खरोखर लांब गेला की त्याच्या तोंडून माईककडे थेट येणारा आवाज कमी होतो, पण खोलीतला घुमारा जवळजवळ तेवढाच राहतो. या दोन्हींचं प्रमाण बदलतं आणि कान त्या प्रमाणावरून अंतर ओळखतो. लताबाई चालल्या तेव्हा थेट आवाज पावलापावलाने वाढत गेला आणि घुमारा मागे पडत गेला. म्हणजे त्यांनी दोन्ही बटणं पायांनी फिरवली, असं म्हणायला हरकत नाही.

त्यानंतर मात्र जागेचं काम यंत्रांकडे भराभर गेलं. १९४७ मध्येच शिकागोच्या बिल पुटनम यांनी स्टुडिओच्या न्हाणीघरात स्पीकर आणि माईक ठेवून घुमारा मिळवला होता. (न्हाणीघरात आपण सगळेच गवई का होतो, त्याचं उत्तर तुम्हाला आता मिळालंच असेल!) १९५७ मध्ये जर्मनीत ईएमटी कंपनीने दोन मीटर लांब, एक मीटर रुंद असा पोलादी पत्रा चौकटीत टांगला. पत्र्याला आवाजाने थरथरवायचं आणि ती थरथर परत उचलायची, की झालं मोठं दालन तयार. स्प्रिंगांची आणि टेप फिरवून आवाज उशिरा परत देणारी यंत्रंही होती, आणि १९७६ मध्ये आकड्यांवर चालणारं डिजिटल यंत्र आलं. आज नातवंडांच्या मोबाईलमध्ये गुहा, देऊळ, सभागृह सगळं एका यादीत असतं. बोट लावलं की लेणं तयार.

यात वाईट काही नाही. पण ही दोन बटणं वापरायची एक रीत आहे आणि ती जाणकार ध्वनिमुद्रक पाळतात. घुमाऱ्याचं बटण मूळ कोरड्या आवाजात घुमलेला आवाज किती मिसळायचा ते ठरवतं. बऱ्याच यंत्रांत मूळ आवाज तसाच ठेवून घुमारा वरून ओतला जातो, त्यामुळे एकूण आवाज वाढतो. दोन्ही सारखेच झाले तर शक्ती दुप्पट, म्हणजे सुमारे तीन डेसिबल जास्त. आणि माणसाच्या कानाची खोड अशी की थोडं जोरात वाजलेलं त्याला नेहमी चांगलं वाटतं. म्हणजे घुमाऱ्यामुळे गाणं खुललं की नुसतं मोठं झालं म्हणून आवडलं, हे कळतच नाही. म्हणून जाणकार घुमारा वाढवला की शेवटचं पातळीचं बटण तितकंच खाली आणतो आणि मग पुन्हा ऐकतो. सारख्या जोराने ऐकूनही बरं वाटलं तरच ते खरं बरं. आणि पातळी नको इतकी चढवली तर यंत्राची कुवत संपते, आवाज फाटतो. फाटलेल्या आवाजाला घुमारा झाकू शकत नाही.

मांडवात नेमकं उलटं होतं. मागच्या वर्षी आमच्या भागात सप्ताह होता. बुवा तयारीचे होते, पण निरूपण सुरू झालं आणि आम्हा म्हाताऱ्यांच्या रांगेला काही उमगेना. नुसता गडगडाट. मी मनात हिशेब केला. माणूस सेकंदाला चार-पाच अक्षरं बोलतो. घुमारा दोन सेकंदांचा ठेवला तर एका वेळी आठ-दहा अक्षरं हवेत एकमेकांवर पडलेली. आणि आपली मराठी अशी, की सगळा अर्थ शब्दाच्या शेपटीत! 'रामाने रावणाला' आणि 'रामाला रावणाने' यांत फरक आहे तो 'ने' आणि 'ला' एवढाच. मागचा मोठा 'आ' घुमत राहिला की हे इवलेसे प्रत्यय त्याखाली बुडतात. मग कोणी कोणाला मारलं ते कसं कळायचं? वय झालेल्या कानांना तर गोंगाटातून शब्द वेगळा काढणं आणखी कठीण जातं. शेवटी मी मध्यंतरात मशीनवरच्या मुलाजवळ गेले. "बाळा, बुवा अभंग म्हणतील तेव्हा हे बटण असू दे. बोलतील तेव्हा पार खाली घे." मुलगा समजूतदार होता. त्याने घुमारा काढला, आणि आश्चर्य म्हणजे आवाज थोडा कमी करूनही शब्द शेवटच्या सतरंजीपर्यंत पोचले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "आत्ता कुठे बुवा जवळ आल्यासारखे वाटले."

कायद्याचीही आठवण ठेवायला हवी. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सणासुदीला राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. कामगारांच्या आरोग्यासाठी अमेरिकेत वापरला जाणारा एक निकष सांगतो की ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास चालेल, पण दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं! मिरवणुकीतल्या भिंतीसमोर आपली पोरं किती तास नाचतात ते आठवा. कानाच्या आतल्या बारीक केसांसारख्या पेशी एकदा गेल्या की परत उगवत नाहीत.

पण कायद्याच्याही आधीची एक समज आपल्याकडे होती, असं हा सगळा इतिहास वाचताना मला वाटत राहिलं. लेण्यात पठण संथ होतं, कारण दगड तसा होता. नट थिएटर बघून शब्द लांबवायचा. मैदानातला वक्ता लांबच्या कर्ण्यासाठी थांबायचा. कोपऱ्यातून निघालेली एक तरुण गायिका मुखड्याच्या क्षणाला माईकपाशी पोचेपर्यंत पावलं मोजत होती. प्रत्येकाने आधी विचारलं की समोरच्याला ऐकू कसं येईल. आता विचारणं राहिलं मशीनवर बसलेल्या त्या पोराच्या हाती, आणि त्याला हे कोणी शिकवलेलं नाही.

तेव्हा मंडळी, तुमच्या घरी कार्य असेल तर एवढं करा. कार्यक्रमाच्या आधी मांडवाच्या अगदी शेवटच्या खुर्चीत, जिथे आजी-आजोबांना बसवणार आहात तिथे, स्वतः जाऊन बसा आणि एखाद्या लहान मुलाला माईकवर आपलं नाव, गाव आणि इयत्ता सांगायला लावा. तिन्ही गोष्टी नीट कळल्या तर बटणं जागेवर आहेत. नाही कळल्या तर आधी घुमारा कमी करा, आवाज नंतर.